शितावरून भाताची परीक्षा

त्यागराय गानसभेतील एक गायन ऐकून रात्री घरी परतले, तो पायरीवर एक दांपत्य माझी वाट पाहत बसलेले दिसले. काचीगुड्याला त्यांचे घर. तीन पिढ्यांपूर्वी नांदेडकडून निजामाच्या राजधानीत नोकरीसाठी आलेल्या असंख्य मराठी कुटुंबांपैकी हे एक. गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले, वहिनी पंचावन्नच्या आतबाहेरच्या. या सदराच्या वाचकांना ठाऊकच आहे की, मी निवृत्त झाल्यापासून चिक्कडपल्लीच्या माझ्या घरी औषध मागायला कोणी येत नाही. येतात ते कागद वाचून घ्यायला. माझे आयुष्य सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावून गेले, तेवढेच मला येते, हे लोकांनी बरोबर ओळखले आहे.

वहिनींच्या मांडीवर एक निळी फाइल होती आणि तीत एका सुईच्या तपासणीचा कागद. झाले होते असे की, एका लग्नाला निघताना सून त्यांच्या गळ्यात ठुशी बांधीत होती. आवंढा गिळताना ठुशीच्या खाली काहीतरी वर जाऊन पुन्हा खाली येते, हे तिला आरशात दिसले. मुलगी शहाणी; लग्न आटोपताच सासूबाईंना घेऊन ती दवाखान्यात गेली. रक्त तपासले, सोनोग्राफी झाली. अवटु ग्रंथीत, म्हणजे आपण सगळे जिला थायरॉईड म्हणतो तीत, उजव्या बाजूला अडीच सेंटिमीटरची गाठ आढळली. तीत बारीक सुई घालून पेशी काढल्या गेल्या आणि निष्कर्ष आला : फॉलिक्युलर निओप्लाझम, बेथेस्डा वर्ग चार.

"ताई," गृहस्थ म्हणाले, "मी जन्मभर खतावण्या तपासल्या. रक्कम जमेला तरी असते, नाहीतर नावे तरी. हे मधलेच काय लिहिले आहे? कर्करोग आहे की नाही, एका शब्दात सांगा."

एका शब्दात सांगण्यासारखे असते तर ते कागदावरच लिहिले गेले असते, हे त्या रात्री त्यांना पटवून देणे मला साधले नाही. त्यांचा ग्रह असा झाला होता की प्रयोगशाळेने काम नीट केले नाही. दुसरीकडे सुई टोचून घेतली की स्वच्छ उत्तर मिळेल. त्यांच्या थोरल्या बंधूंचे म्हणणे तर याहून निराळे. त्यांच्या मते सुई टोचली हीच मोठी चूक, कारण गाठीला डिवचले की ती अंगभर पसरते. या सगळ्यांत वहिनींना कोणी काही विचारले नव्हते. त्या काहीच बोलत नव्हत्या. अधूनमधून फक्त गळ्याकडे हात जाई. हा विषय घराघरांत निघतो आणि दर वेळी याच दोन गैरसमजांवर अडतो, म्हणून या महिन्याचे सदर त्यालाच वाहिले आहे.

आधी गाठींविषयी. अवटु ग्रंथी गळ्याच्या पुढच्या भागात, श्वासनलिकेला बिलगून, फुलपाखरासारखी पंख पसरून बसलेली असते. तीत गाठ होणे ही गोष्ट इतकी सर्वसाधारण आहे की, शंभर प्रौढांच्या गळ्यावरून जाणत्या वैद्याने बोटे फिरविली तर चार ते सात जणांच्या गळ्यात त्याला ती लागेल. सोनोग्राफीने पाहिले तर कितीतरी अधिक. उतारवयातील स्त्रियांत तर जवळजवळ निम्म्यांत लहानमोठी गाठ दिसते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत त्या अनेक पटींनी अधिक. यांतल्या दहा गाठींपैकी नऊ, किंबहुना त्याहूनही अधिक, निरुपद्रवी असतात. म्हणजे प्रश्न गाठ आहे की नाही असा नसतोच. या नऊंच्या घोळक्यातून ती दहावी वेचून कशी काढावी, हा खरा प्रश्न.

सुई येण्यापूर्वी या प्रश्नाला एकच उत्तर होते : गळा उघडून पाहणे. एका दहाव्या गाठीसाठी नऊ निर्दोष गळ्यांवर व्रण उमटत. न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातील हेज मार्टिन आणि एडवर्ड एलिस यांनी १९३० साली गाठीत सुई घालून पेशी शोषून घेण्याच्या पद्धतीविषयी लेख प्रसिद्ध केला. पण त्यांची सुई जाड होती आणि त्यांच्याच देशातील शल्यविशारदांना ती कल्पना फारशी मानवली नाही. ती खऱ्या अर्थाने रुजली स्वीडनमध्ये. तेथे सोडरस्ट्रोम यांनी १९५२ साली गलगंडातून सुईने पेशी काढण्याविषयी लिहिले आणि पुढे स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत फ्रान्झेन, झायिचेक, लोव्हहागेन या मंडळींनी बारीक सुईचे शास्त्र उभे केले. फ्रान्झेन यांनी तर एका हाताने पिचकारी ओढता यावी आणि दुसऱ्या हाताची बोटे गाठीवर मोकळी राहावीत म्हणून एक मूठच तयार केली. ती मूठ मी स्वतः कित्येक वर्षे वापरली आहे. अमेरिकेने ही विद्या आपल्याच घरातून निघून गेलेल्या मुलीसारखी बऱ्याच उशिरा परत स्वीकारली. स्वीकारल्यावर मात्र तेथील अनुभव असा की, थायरॉईडच्या शस्त्रक्रिया सुमारे पाव हिश्शाने घटल्या आणि ज्यांची झाली त्यांच्यात कर्करोग निघण्याचे प्रमाण पंधरा टक्क्यांवरून तिसापर्यंत, किंवा त्याहीवर गेले.

ही सुई दिसते कशी? रक्त काढण्यासाठी वापरतात तिच्याहून बारीक. जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. खांद्याखाली उशी देऊन मान मागे झुकवितात, आवंढा गिळू नका म्हणून सांगतात आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत सुई गाठीत नेऊन काही क्षण पुढेमागे हलवितात. असे दोन-तीन वेळा. बाहेर येतो तो रक्तमिश्रित थेंब. तो काचपट्टीवर पसरतात. काही काचा लगेच अल्कोहोलमध्ये बुडवितात, काही हवेत वाळवितात, कारण दोन्हींवर निरनिराळे रंग चढवायचे असतात आणि प्रत्येक रंग पेशीचे वेगळे अंग उघड करतो. भूल द्यावी लागतेच असे नाही. दोन दिवस थोडे दुखते, क्वचित निळसर डाग उमटतो. या बारीक सुईने थायरॉईडचा रोग पसरल्याची उदाहरणे जगाच्या वैद्यकीय वाङ्मयात इतकी विरळ आहेत की त्यांचे भय बाळगून तपासणी टाळणे म्हणजे अपघाताच्या भीतीने उंबरठाच न ओलांडण्यासारखे आहे. थोरल्या बंधूंना हे मी दूरध्वनीवर सांगितले. "नक्को ताई, तुम्ही डॉक्टर लोक एकमेकांचीच री ओढता," असे त्यांनी आपल्या हैदराबादी ठसक्यात ऐकविले. असो.

आता मुख्य मुद्दा : या सुईच्या शब्दावर विश्वास किती ठेवावा?

आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात, आणि ती बहुधा बरोबर ठरते. कारण पातेल्यातील सगळे तांदूळ एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेले असतात. गाठीचे तसे नसते. एका कोपऱ्यात पाणी, दुसऱ्यात जुने रक्त, तिसऱ्यात घट्ट पेशी, असा तो संमिश्र मामला असू शकतो. सुईला जे शीत लागले तेवढ्यापुरतेच ती बोलते. म्हणून पहिली अट अशी की शिते पुरेशी हवीत. जगभर मान्य झालेला दंडक असा : काचेवर पेशींचे निदान सहा पुंजके दिसले पाहिजेत आणि प्रत्येकात निदान दहा पेशी. त्याहून कमी असतील तर, एक-दोन ठरावीक अपवाद सोडल्यास, वाचणाऱ्याने नमुना अपुरा आहे असे लिहून गप्प बसावे. पहिला वर्ग तो हाच. हा निकाल हाती आला म्हणजे लोक सुटकेचा निःश्वास टाकतात, "काही निघाले नाही" असे शेजाऱ्यांना सांगतात. त्यात सुटकेसारखे काही नाही. प्रश्न विचारलाच गेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. सोनोग्राफीच्या साहाय्याने पुन्हा सुई घालावी लागते आणि दुसऱ्या खेपेस बहुतेकांना उत्तर मिळते.

हे मी इतक्या आग्रहाने का सांगते, त्याला माझ्या स्वतःच्या आयुष्यातील एक कारण आहे. ते आजवर या पानांवर लिहिले नव्हते.

मी नोकरीत नवखी असताना एक तरुण शिक्षिका आमच्याकडे आली. गळ्यात तीन सेंटिमीटरची गाठ. त्या काळी सोनोग्राफी सर्रास नव्हती. बोटांच्या अंदाजाने सुई घातली. पिचकारीत तपकिरी पाणी आले आणि गाठ डोळ्यांदेखत बसली. तिला केवढा आनंद झाला! मलाही झाला, हे कबूल केले पाहिजे. काचेवर जुने रक्त गिळून फुगलेल्या भक्षक पेशी होत्या. ग्रंथीच्या मूळ पेशी शोधून शोधून पाच-सात. मी लिहिले, 'सौम्य द्रवगाठ', आणि सही केली. दोन वर्षांनी ती परत आली तेव्हा मानेच्या बाजूला दुसरीच एक गाठ उभी होती. तीत सुई घातली, आणि काचेवर पॅपिलरी जातीच्या कर्करोगाच्या पेशी होत्या; केंद्रकांवर कॉफीच्या बीसारखी खाच, पोटात फिकट गोल पोकळी, पाठ्यपुस्तकातील चित्रासारख्या. रोग मूळचा थायरॉईडच्या त्या द्रवगाठीच्या भिंतीत बसलेला होता. सुईला पाणी मिळाले, भिंत मिळाली नाही.

त्या सायंकाळी मी कपाटातून तिच्या जुन्या काचा काढल्या आणि अंधार पडेपर्यंत पाहत बसले. एखादी वाईट पेशी माझ्या नजरेतून सुटली असेल तर सापडावी, असे वाटत होते. सापडली नाही. ती तेथे नव्हतीच. पाहण्यात माझी चूक झाली नव्हती. जे पाहिले नाही त्याची हमी मी सहीनिशी देऊन टाकली होती. 'नमुना अपुरा' हे दोन शब्द लिहायला हवे होते. ते लिहिताना तरुण माणसाला कमीपणा वाटतो, आणि समोर हसरा रोगी असला म्हणजे अधिकच.

तिची शस्त्रक्रिया झाली, मुंबईला परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये किरणोत्सारी आयोडिनाचा उपचार झाला, आणि ती बरी झाली. थायरॉईडचा हा कर्करोग पुष्कळदा सौम्य वृत्तीचा असतो, हे तिचे भाग्य आणि माझेही. पुढे ती मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली. माझी चूक मी तिला सांगितली, पण वीस वर्षांनी. ती म्हणाली, "ताई, त्या दोन वर्षांत मला मुलगी झाली. आधी कळले असते तर घरच्यांनी भीतीने नकोच म्हटले असते." हे तिचे औदार्य. त्याने माझ्या वहीतील नोंद बदलत नाही.

दुसरा वर्ग सौम्य गाठींचा. सुई घातलेल्यांपैकी साठ-सत्तर टक्के स्त्रियांच्या हाती हाच कागद पडतो. अशा शंभर गाठींत कर्करोग निघण्याची शक्यता सुमारे चार. मेयो क्लिनिकच्या गरीब आणि गोएलनर यांनी १९९३ साली अठरा हजारांहून अधिक तपासण्यांचा आढावा घेतला होता. त्यात कर्करोग असताना सुईने तो ओळखण्याचे प्रमाण सरासरी ८३ टक्के आणि नसताना नाही म्हणण्याचे ९२ टक्के निघाले. या आकड्यांत एक गंमत दडलेली आहे आणि ती माझ्या बँकवाल्या स्नेह्यांनी लगेच पकडली : ज्यांना सुईने निर्दोष ठरविले त्यांच्यापैकी फारच थोड्यांचा गळा पुढे उघडला जातो. न उघडलेल्या पेटीतील रकमेचा ताळा कसा करणार? म्हणून चुकीचे प्रमाण सांगणारा प्रत्येक आकडा हा शस्त्रक्रिया झालेल्यांवरून बांधलेला अंदाज असतो. या अनिश्चिततेवर व्यवहारी उपाय एकच, आणि तो म्हणजे सुईला एकटीला साक्षीला उभे न करणे. सोनोग्राफीत गाठ रुंदीपेक्षा उंच दिसते का, कडा वेड्यावाकड्या आहेत का, आत चुन्याचे बारीक कण चमकतात का, हे पाहतात. चित्र असे वाईट आणि सुईचा निकाल मात्र सौम्य, असे झाले तर वर्षाच्या आत सुई पुन्हा घालावी. चित्रही साधे आणि निकालही सौम्य असेल तर वर्षा-दोन वर्षांनी सोनोग्राफी करून पाहावे आणि मधल्या काळात ती गाठ विसरून संसार करावा. रक्तातील टीएसएच प्रारंभीच पाहतात. ते फार खाली गेले असेल तर गाठ स्वतःच अधिक स्राव करीत आहे का हे किरणोत्सारी छायाचित्राने तपासतात, कारण तशा गाठीत कर्करोग अगदी क्वचित असतो आणि बहुधा सुईची गरजच उरत नाही.

वर्गांची ही भाषा फार जुनी नाही. पूर्वी प्रत्येक प्रयोगशाळा आपापल्या शब्दांत लिहीत असे. एकाचे 'शंकास्पद' दुसऱ्याच्या लेखी 'बहुधा ठीक'. अमेरिकेत बेथेस्डा या गावी २००७ साली तज्ज्ञांची परिषद भरली आणि सहा वर्गांची पद्धत ठरली. तिची तिसरी आवृत्ती २०२३ साली निघाली. सहावा वर्ग, म्हणजे स्पष्ट कर्करोग, शंभरांत सत्त्याण्णव वेळा खरा ठरतो. पाचवा, दाट संशयाचा, चौऱ्याहत्तर वेळा. तिसऱ्या वर्गात पेशी थोड्या विचित्र, पण दोषारोप करण्याइतक्या नाहीत. तेथे शक्यता बावीस आणि पुन्हा सुई घालणे बहुधा उपयोगी पडते. चौथ्या वर्गात शक्यता तीस, आणि पुन्हा सुई घातल्याने सहसा काही नवे कळत नाही. वहिनींचा कागद या चौथ्या वर्गाचा.

का कळत नाही? दिवाळीची करंजी घ्या. सुईने टोचून आतले सारण काढले तर खोबरे कोणते, साखर किती, वेलदोडा आहे की नाही हे चाखून सांगता येईल. पण करंजीची कड कोठे उकलली आहे का, सारण बाहेर तेलात उतरले आहे का, हे सारण चाखून कसे समजावे? त्यासाठी अख्खी करंजी हातात घेऊन कड न कड पाहिली पाहिजे. फॉलिक्युलर जातीच्या गाठीचे नेमके असेच आहे. निरुपद्रवी गाठ आणि कर्करोग यांच्या पेशी दिसायला सारख्या. फरक एवढाच की कर्करोग आपले वेष्टन किंवा त्यातील रक्तवाहिन्या भेदून बाहेर पडलेला असतो. वेष्टन सुईत येत नाही. जगातील सर्वांत निष्णात वाचक बसविला तरी त्याला न आलेली वस्तू दिसणार नाही. मधलेच काहीतरी लिहिणारी ती प्रयोगशाळा प्रामाणिक होती.

हे ऐकून गृहस्थ बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे नोंद अपुरी नाही, व्हाउचरच आत अडकले आहे." याहून चांगले मला सांगता आले नसते.

एक गोष्ट मात्र मी त्यांना करायला लावली. पुन्हा सुई टोचण्याऐवजी त्याच काचा दुसऱ्या अनुभवी विकृतिशास्त्रज्ञाकडून वाचून घ्या, म्हटले. काचा मागून घेता येतात, आणि मागितल्याने कोणत्याही चांगल्या प्रयोगशाळेला राग येत नाही. आपल्याकडे शल्यविशारदाचे नाव घरातील लहान मूलही सांगते, पण काच कोणी वाचली हे कोणी विचारीत नाही. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून डॉ. वसंत रामजी खानोलकर यांना मानतात. १९४१ साली मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय उघडले तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली. तेथे बऱ्या झालेल्या किती रोग्यांनी त्यांचे नाव ऐकले असेल? आमचा धंदाच पडद्यामागचा. वहिनींच्या काचा दुसऱ्याने वाचल्या. त्यानेही चौथा वर्गच सांगितला.

आता राहिला प्रश्न शस्त्रक्रियेचा, आणि येथे वहिनी प्रथमच बोलल्या. एकादशीच्या भजनात त्या पुढे बसून गातात. "ताई, आवाज जाईल का?" त्यांचे मौन याच प्रश्नाचे होते, आणि आम्ही सगळे टक्केवारीत गुंतलो होतो.

प्रश्न निराधार नव्हता. स्वरयंत्राच्या नसा या ग्रंथीला अगदी चिकटून जातात. इटालियन गायिका अमेलिता गॅली-कुर्ची यांच्या गलगंडावर १९३५ साली शिकागोत शस्त्रक्रिया झाली. तिच्यात नस दुखावली म्हणून त्यांचा वरचा स्वर गेला, अशी कथा शल्यविशारद पिढ्यान्‌पिढ्या आपल्या शिष्यांना सांगत आले. अलीकडे अभ्यासकांनी कागदपत्रे तपासून तिच्यावर शंका घेतली आहे. पण त्या कथेने कित्येक शल्यविशारदांचा हात जपून चालविला, हे खरे. आज अनुभवी हातांत मुख्य नसेला कायमची इजा होण्याचे प्रमाण शंभरांत एकाच्या आसपास आहे. मी वहिनींना सांगितले की शल्यविशारदाला तुम्ही गाता हे आधी सांगा, वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता हे विचारा, आणि संपूर्ण ग्रंथी न काढता गाठीची बाजू तेवढीच काढता येईल का हेही विचारा. चौथ्या वर्गात बहुतेकदा तेवढेच पुरते. अर्धी ग्रंथी राहिली तर पाचांतील चौघींना जन्मभर गोळी घ्यावी लागत नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. सुनेने फाइल पाहिल्यापासून घरातील सर्व बायकांची सोनोग्राफी करून घेण्याचा घाट घातला होता. शहरभर तपासणीच्या सवलतीच्या जाहिराती लागलेल्या असतातच. मी तिला अडविले. दक्षिण कोरियात हेच राष्ट्रीय पातळीवर घडले. तेथे सरसकट गळे तपासू लागले आणि २०११ साली थायरॉईडच्या कर्करोगाची नोंद १९९३ च्या पंधरा पट झाली. मरणारांची संख्या मात्र होती तेथेच राहिली. म्हणजे जे कर्करोग माणसाला कधी त्रास देणार नव्हते ते शोधून काढून हजारो गळे कापले गेले. जपानात कोबेच्या कुमा रुग्णालयाने १९९३ पासून एक सेंटिमीटरपर्यंतच्या अशा कर्करोगांवर शस्त्रक्रिया न करता नुसती नजर ठेवण्याचा मार्ग धरला; तेथील बाराशेहून अधिक रोग्यांच्या अहवालात या रोगाने एकही दगावला नाही. ज्या गळ्यात बोटाला काही लागत नाही, घराण्यात हा रोग नाही, लहानपणी मानेवर किरणोपचार झालेले नाहीत, त्या गळ्यात गाठ शोधायला जाऊ नये. आणि सापडलीच, तर एक सेंटिमीटरच्या आतील गाठीत सहसा सुईही घालू नये. सुनेला हे पटले. मला वाटते, सवलतीची मुदत संपल्यावर अधिक पटले.

वहिनींची उजवी बाजू काढली. आम्हा लोकांची खरी करंजी आता हाती आली होती : गाठीचे वेष्टन चहूबाजूंनी कापून, पातळ चकत्या करून, इंचन्‌इंच पाहिले गेले. निकाल : फॉलिक्युलर अडिनोमा, वेष्टन अभंग. कर्करोग नाही.

पेढे घेऊन दोघे आले. आनंद ओसरल्यावर गृहस्थांच्या चेहऱ्यावर हिशेब उमटला. "म्हणजे ताई, शस्त्रक्रिया उगाचच झाली म्हणायची?"

मी त्यांना शंभर स्त्रिया एका रांगेत उभ्या आहेत अशी कल्पना करायला सांगितली. सगळ्यांच्या हातांत चौथ्या वर्गाचा कागद, तिघींच्या मागे सातजणी निर्दोष, पण पाठीवर तसे लिहिलेले नाही. "सत्तर जणींचा गळा चिरावा लागतो तर मग," ते म्हणाले. चिरावा लागतो. त्यांचे बोलणे खोडून काढण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. सुईतून आलेल्या पेशींच्या जनुकांची तपासणी करून या सत्तरांपैकी पुष्कळांना वगळता येते, अमेरिकेत त्या चाचण्या रुळल्या आहेत. पण त्यांची किंमत ऐकून आपल्याकडील बहुतेक घरे शस्त्रक्रियाच पत्करतील. शास्त्राचे पाऊल अजून तेथे अडले आहे, आणि ते मी त्यांना तसेच सांगितले. त्यांनी मान डोलावली. पूर्ण समाधान झाले असे नाही.

वहिनींचा आवाज पहिले पंधरा दिवस घोगरा होता. आषाढी एकादशीला त्या मागच्या रांगेत बसल्या, कार्तिकीला पुढे.

जाताना त्यांनी आणखी एक सांगितले. नांदेडच्या त्यांच्या धाकट्या जावेच्या गळ्यात दोन सेंटिमीटरची गाठ निघाली आहे; तिकडे सुई घातली, नमुना अपुरा असे लिहून आले, आणि घरचे म्हणतात की काही निघाले नाही, आता कशाला पुन्हा. येत्या रविवारी तिला घेऊन येते म्हणाल्या. सोनोग्राफीचे चित्र आणि काचा, दोन्ही बरोबर आणायला मी सांगितले आहे.